सारवणावरची पावलं

पंधरा जानेवारी १९७३, सोमवार. संक्रांतीची कर होती आणि मी अंगण सारवायला घेतलं होतं.

करीच्या दिवशी आमच्याकडे नवं काम काढत नाहीत आणि गावाला निघत नाहीत. सारवण काही नवं काम नव्हे. शिवाय दुसऱ्या दिवशी व्याही येणार होते, त्यामुळे ते टाळता येण्यासारखं नव्हतं. त्या दुष्काळात सारवणसुद्धा जपून करावं लागे. बैल आणि म्हैस श्रीगोंद्याकडच्या नातलगांच्या दारी उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्यावर, जगायला पाठवलेली होती. दावणीला एकच भुरी गाय उरली होती. तिचं साठवलेलं शेण, थोडी पांढरी माती आणि अगदी बेताचं पाणी एवढ्यावर मी काला केला होता. तो नेहमीपेक्षा घट्ट झाला होता. हे एवढ्यासाठी सांगते की, पातळ सारवणात पाऊल पडलं की नुसता चिखल होतो. घट्ट सारवणात पावलाचा ठसा जसाच्या तसा राहतो.

व्याही म्हणजे माझ्या पुतण्याचे सासरे. मुलीची सासरची पहिली संक्रांत, तेव्हा खरं तर त्यांनी तीळगूळ घेऊन हौसेने यायचं. पण त्यांना आमच्याकडून निरोप गेला होता की, मुलीला घेऊन जा. परत कधी आणून सोडायचं याबद्दल निरोपात काही नव्हतं. ज्याला समजायचं त्याला ते समजत होतं.

घरात त्या वर्षी आम्ही चौघंच होतो. थोरले दीर, जाऊबाई, त्यांची ही नवी सून आणि मी. पुतण्या नागापूरच्या एका वर्कशॉपात लेथवर होता, तो सुट्टीला यायचा. माझे यजमान गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यावर असायचे आणि माझी मुलं नगरला बोर्डिंगात शिकत होती. म्हणजे घरात निर्णय घेणारे थोरले दीर, आणि ते घेतील तो निर्णय सगळ्यांचा.

मुलीला परत पाठवण्याचं कारण एवढंच होतं की ती पडत होती.

आमच्या घरामागच्या विहिरीचं पाणी दिवाळीआधीच आटलं. तेव्हापासून पाणी ओढ्यातल्या झिऱ्यावरून आणावं लागे. ओढ्याच्या वाळूत खड्डा घेतलेला, त्यात पाणी पाझरून येई आणि वाटीवाटीने भरावं लागे. भरलेला हंडा आणि त्यावर कळशी डोक्यावर, कमरेवर घागर, असं घेऊन चढण चढायची आणि गावच्या वेशीतून आत यायचं. वेशीच्या दोन्ही अंगांना देवड्या, म्हणजे कमानीतले दगडी ओटे आहेत, चार-पाच माणसं ऐसपैस बसतील एवढ्या. त्यांच्यामधून उतरत्या दगडी फरशीची वाट. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी आणि गाड्यांच्या धावांनी ती फरशी गुळगुळीत झाली आहे. शेतात कुणालाच काम नव्हतं, त्यामुळे ऊन पडलं की गावातली जाणती माणसं देवडीत येऊन बसत. आमच्या थोरल्यांची जागा उजव्या देवडीत, अगदी कडेला.

सून पडली ती दर वेळी तिथेच. पहिल्यांदा कळशी गेली आणि गुडघा फुटला. सगळे म्हणाले, फरशी निसरडी आहे. दुसऱ्यांदा हंड्याला पोचा आला, तेव्हा जाऊबाईंनी तिला वेशीवरचं काही लागलं असेल म्हणून नारळ उतरवून टाकला. तिसऱ्यांदा ती उजव्या कुशीवर अशी आपटली की डोकं दगडावर लागून क्षणभर शुद्ध हरपली. मी तेव्हा मागे, चढणीवर होते. मी पोचेपर्यंत देवडीतल्या कुणीतरी वहाण काढून तिच्या नाकाला लावली होती.

नाकाला वहाण कशासाठी लावतात हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. फेफरं आलेल्या माणसाला ती हुंगवतात. एकदा ती लावली की पुढे काही बोलायची गरज राहत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की, अमक्यांच्या सुनेला फेफरं आहे आणि बापाने रोग लपवून पोरगी दिली.

थोरल्यांना दुष्ट म्हणता येणार नाही. त्यांनी तिला स्वतः तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरने डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, अशक्तपणा आहे म्हणाला आणि लाल गोळ्या दिल्या. त्या गोळ्या घेऊनही ती पडली. मग थोरल्यांनी धसका घेतला. हंडा-कळशीसकट पोरगी चढणीवरून खाली गेली आणि जिवाचं काही झालं, तर तिच्या बापाला काय तोंड दाखवायचं? त्यापेक्षा धडधाकट आहे तोवर त्याच्या हवाली करावी. संक्रांतीला पुतण्या आला होता, त्यालाही त्यांनी हे सांगितलं. तो ताटाकडे बघत राहिला आणि करीच्या पहाटे पहिल्या गाडीने निघून गेला. वर्कशॉपाला कर-बीर काही नसते.

मला हे पटत नव्हतं, पण पटत नाही म्हणून सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. ती आणि मी दोघीही नालाबांधाच्या दुष्काळी कामावर जात होतो. थोरल्यांना घरात त्या कामाचा उल्लेखही चालत नसे. बायका रानात गेल्यात, असं ते म्हणत. त्या कामावर ती दिवसभर मातीची पाटी डोक्यावर घेऊन बांधाच्या उभ्या चढावर जायची आणि रिकामी उतरायची. तिथे ती कधी अडखळलीही नव्हती. रोग असा जागा निवडून येतो का? येतही असेल. मी काही डॉक्टर नव्हते.

तर त्या सोमवारी मी कामावर खाडा केला आणि अंगण निम्म्याच्या वर सारवून झालं होतं. तेवढ्यात सून झिऱ्यावरून आली. थोरले तेव्हा मागच्या गोठ्यात होते, देवडीत गेले नव्हते, आणि त्या दिवशी ती वेशीतून नीट आली होती. मी भिंतीकडेने चालायला कोरडी पट्टी ठेवली होती, पण तिथे माझी पाटी आणि शेणाचं घमेलं पडलं होतं. ते उचलेपर्यंत तिला भरल्या हंड्याखाली ताटकळत ठेवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, ये तशीच, परत हात फिरवीन.

ती ओल्या सारवणावरून रांजणाकडे निघाली. चांगली ताठ, सावकाश, अंगण ओलं असल्यामुळे पाऊल पूर्ण टेकत. ती अंगणाच्या मध्यावर आली आणि गोठ्याकडून थोरले खाकरले.

घरातला वडीलधारा पुरुष आत येण्याआधी खाकरतो, ते बायकांनी सावरून घ्यावं म्हणून. तिने सावरलं. एक हात हंड्याला, दुसरा कमरेवरच्या घागरीला, म्हणून पदराचा काठ तिने दातात धरला, डोळ्यांवर ओढला आणि हनुवटी खाली घेतली. हंडा पडू नये म्हणून मान मात्र पुढे काढली, कोंबडी काढते तशी. मी समोरच होते. मला दिसलं की तिचं सगळं अंग एका क्षणात पुढे गेलं. पुढची पावलं भराभरा, आखूड पडली, जणू कुणी मागून ढकलतंय. कळशीतलं पाणी तिच्या खांद्यावर हिंदकळलं आणि उजव्या अंगाने ती कलली. मी धावले आणि तिच्यासकट हंडा धरला.

थोरले दारात उभे होते. त्यांनी तेवढंच पाहिलं. मान फिरवून ते आत जाऊबाईंना म्हणाले, "बघितलं का. आता घरात बी यायला लागलं."

ते वेशीकडे निघून गेले. सून रांजणाला धरून उभी होती. मी पाणी उतरवून घेतलं. मग मी खाली बघितलं.

दारापासून मध्यापर्यंतचे ठसे मी तुम्हाला आजही काढून दाखवीन. टाच, चवडा, पाची बोटं, सगळं सारखं उमटलेलं, एकापुढे एक, एका अंतराने. आणि मध्यापासून पुढे टाचा नाहीतच. नुसते चवडे. बोटं सारवणात रुतून आत गेलेली, उजव्या पायाची तर बाहेरच्या कडेला इतकी खोल की खालची जुनी जमीन दिसत होती. एकच बाई, एकच ओझं, एकच अंगण. मध्ये फक्त खाकरणं झालं होतं.

मी तिला विचारलं, "चक्कर येती का तुला?"

"चक्कर न्हाई येत, काकी. भुई पुढं पळती."

"अंधारी?"

"न्हाई. पदराचा काठ दिसतो आन्‌ माजी बोटं दिसत्यात. दुसरं काईच दिसत न्हाई. मग वाटतं, आता पडनार."

हे तिने आधी कुणाला सांगितलं होतं का, विचारलं. नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. चक्कर येते का, एवढंच सगळे विचारत होते आणि ती खरं ते सांगत होती, की नाही. मग लोक म्हणत, लपवते.

पदर दातात धरायला तिला जाऊबाईंनी शिकवलं होतं. सासऱ्यासमोरून जाताना तोंड दिसता कामा नये, आमच्या घरात ते चालत नाही, असं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. घरामागच्या विहिरीवरून पाणी आणताना त्याची फारशी वेळ येत नसे. झिरा सुरू झाल्यावर रोज येऊ लागली. झिऱ्यावर नंबर लागायला वेळ जायचा, त्यामुळे ती परत यायची ती नेमकी देवडी भरल्यावर.

तुम्ही अनवाणी उभ्या राहा आणि हनुवटी छातीकडे नेऊन मान पुढे काढून बघा. डोक्यावर काही नसलं तरी टाचा हलक्या होतात आणि भार बोटांवर येतो. मान एका अंगाला ओढली, पदर दातात धरला की उजवीकडे ओढली जाते तशी, तर त्या बाजूचा पाय दबतो. मी त्या वेळी अंगणातच उभं राहून ते केलं. नंतर डोक्यावर रिकामी घागर घेऊन केलं. डोक्यावर ओझं असलेल्या बाईची मान म्हणजे घराची मधली मेढ, आढं पेलणारा खांब. ती सरळ असली की सगळा भार सरळ टाचेत उतरतो. ती कलली की पायांनी कितीही तोललं तरी उपयोग नाही. मीही वेशीतून जात होतेच, पण मी नजर खाली टाकायची, मान नाही. आणि पदर कानामागून चुंबळीखाली खोचून टाकायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कसं तरी जमत गेलं होतं. त्यामुळे दुसरीला जमत नसेल, हे डोक्यातच आलं नाही.

कोंबड्या ठशांवरून जाऊ नयेत म्हणून मी मध्यावरच्या, चाल बदलली तिथल्या ठशांवर डालगं पालथं घातलं आणि जाऊबाईंना हाक मारली.

त्या आल्या, डालगं उचलून मी दाखवलं ते त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "पायाचं ठसं बघून रोग कळाय लागला व्हय आता? दवाखान्यात कंपाउंडर व्हायचं हुतंस."

मी म्हटलं, "अक्का, तुमी चालून दावा. तसाच पदर धरून."

"मी काय हंडा वाहिला न्हाई व्हय? तू ह्या घरात यायच्या आदी धा वर्सं वाहिलाय."

पाणी सांडायची चैन परवडणारी नव्हती, म्हणून मी हंड्यात आणि कळशीत माती भरली. जाऊबाईंनी कमरेला पदर खोचला आणि चुंबळ डोक्यावर ठेवून घेतली. अंगाने त्या भारदस्त होत्या आणि सून आल्यापासून त्यांनी हंडा उचलला नव्हता, पण पवित्रा असा की कुणी शर्यत लावली आहे. मान सरळ ठेवून त्या अंगणाच्या कोरड्या भागात एक फेरी सहज फिरल्या. वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता पदर दातात, आणि समजा दारात मामंजी बसलेत.

आमचे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण जाऊबाईंनी दाराकडे बघितलं आणि त्यांची हनुवटी आपोआप खाली गेली. चौथ्या-पाचव्या पावलाला त्या पुढे धावल्यासारख्या गेल्या, उजवा पाय वाकला आणि सुनेने पुढे होऊन कळशी झेलली नसती तर ती त्यांच्या पायावरच बसली असती. हंडा मी धरला. त्या घमेल्याशेजारी मटकन बसल्या.

मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या की, त्यांच्या वेळी एकच कळशी असायची, आणि तीही मागच्या विहिरीवरची. वेशीतून ओझं घेऊन त्या कधी आल्याच नव्हत्या.

"मला बी फेफरं आलं म्हन आता," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे न बघता तिला चहा टाकायला सांगितलं.

इथवर सोपं होतं. आता थोरल्यांना कोण सांगणार?

धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी तोंडाने बोलायचं नसतं. मी त्या घरात आल्यापासून त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं झालं तर जाऊबाईंमार्फत. जाऊबाई म्हणाल्या, मी सांगीन, पण ते ऐकायचे नाहीत. सुनेला मान खाली घालायला मीच शिकवलं, आता मीच उलटं कशी बोलू? त्यांचंही खोटं नव्हतं.

तिन्हीसांजेला थोरले मागच्या ओट्यावर येऊन बसले. मी गोठ्याच्या तोंडाशी गाईला वाढं घालत होते. जाऊबाई मधल्या उंबऱ्यात. मी गाईला सांगायला सुरुवात केली. हाही आमच्याकडचा रिवाजच आहे. ज्याच्याशी बोलता येत नाही त्याला ऐकू जाईल असं जनावराशी किंवा भिंतीशी बोलायचं.

"भुरे," मी म्हटलं, "पळणाऱ्या गुराच्या गळ्यात ल्वाढनं बांधत्यात. मान खाली ओढली की जनावर फुडच्या पायावर येतं. ठेचाळतं. त्याला कुनी रोगी म्हनत न्हाई. ल्वाढनं काडलं की नीट चालतं."

लोढणं म्हणजे जड ओंडका. थोरल्यांना गुरांतलं कळत होतं. त्यांनी विडी खाली ठेवली. मग मी गाईला अंगणातल्या ठशांचं सांगितलं, कामावरच्या बांधाचं सांगितलं, वहाण नाकाला लावली त्या दिवशी पोरगी डोकं आपटून बेशुद्ध झाली होती, तिच्या तोंडाला फेस नव्हता हे सांगितलं. जाऊबाईंच्या हंड्याबद्दल सांगितलं नाही. तो त्यांचा मान.

थोरले उठले, अंगणात गेले. कंदील खाली धरून त्यांनी डालगं उचललं. किती वेळ वाकून बघत होते कोण जाणे, मी वाढं तोडत राहिले. मग ते परत येऊन बसले आणि जाऊबाईंना म्हणाले, "गाईला सांग, समजलं. पर देवडीत चार मानसं असत्यात. ह्या घरातल्या सुना मान वर करून वेशीतनं गेल्या न्हाईत. आन्‌ उद्या मान वर करून बी पडली तर? तिच्या बापासमूर? मग मी काय करू?"

मलाही तीच भीती होती. ठसे एका बाजूला आणि ती उतरती फरशी एका बाजूला. महिनोन्‌महिने जी पोरगी तिथे पडेन पडेन म्हणून चालते, तिची भीती मान सरळ केल्याने जातेच असं कुठे आहे? आणि पडलीच, तर यापुढे ठशांचं कुणी ऐकून घेणार नव्हतं. बाप तिला घेऊन जाईल, आणि तिच्या माहेरीही वहाणेची गोष्ट तिच्याआधी पोचलेली असेल.

थोरले म्हणाले, पाव्हणं सकाळच्या गाडीने येतील. ठरलंय ते ठरलंय. आणि जेवायला बसले.

सुनेची पिशवी जाऊबाईंनी भरली. दोन लुगडी, एक चोळी, फणी. मी मदतीला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी सुनेला उठवलं आणि म्हटलं, चल पाण्याला.

ती म्हणाली, "काकी, आज?"

"पाव्हन्यांना पानी लागंल का न्हाई?"

झिऱ्यावर नंबर लागला. पाणी भरेपर्यंत ऊन वर आलं, ते यावंच अशी माझी इच्छा होती. तिच्या डोक्यावर मी हंडा चढवून दिला, वर कळशी. पदर डोक्यावरून घेऊन दोन्ही कानांमागे करकचून खोचला, चुंबळ वर दाबून बसवली. डोकं झाकलेलं, तोंड उघडं. दातात धरायला काही ठेवलंच नाही. कमरेवरची घागर मी घेतली, तिचे दोन्ही हात मोकळे ठेवले. तिला सांगितलं की मी पुढे चालते, तू माझ्या हंड्याच्या काठाकडे बघायचं. पायांकडे बघायचं नाही. भुई कशी आहे ते पायाला कळतं, ते डोळ्यांचं काम नाही. टाच आधी टेकव.

चढण निभावली. वेस समोर आली. दोन्ही देवड्या भरलेल्या. उजव्या देवडीत कडेला थोरले.

बायका जवळ आल्या की देवडीतलं बोलणं थांबतं. त्या दिवशीही थांबलं. मग डावीकडून कुणीतरी म्हणालं, "आज काय दोगी बी जत्रंला निगाल्या जनू." कुणी हसलं. मी सावलीत पाऊल टाकलं.

आता अडचण अशी की मला मागे बघता येत नव्हतं. डोक्यावर भरला हंडा असताना मान वळवली की जे तिचं होत होतं तेच माझं झालं असतं. मला फक्त ऐकू येत होतं. ओले पाय दगडावर पडताना आवाज वेगवेगळा येतो. टाच टेकली की थप्प, मग चवडा. नुसता चवडा पडला की चटचट. माझ्यामागे थप्प येत होतं, सावकाश. मी तो आवाज धरून चालत होते. फरशीचा उतार सुरू झाला. जिथे ती पडायची तो दगड माझ्या पायाखाली आला.

आणि थोरले खाकरले.

त्यांनी ते मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. जन्माची सवय. पण मागचा आवाज थांबला. एक चट, दुसरी चट. कळशीतलं पाणी हंड्याच्या काठावर वाजलं. देवडीत कुणीतरी पाय खाली सोडले, उठायच्या बेतात. वहाणा तिथेच काढून ठेवलेल्या होत्या, ओळीने.

मी उभी राहिले आणि समोर बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मान वर."

थोरल्यांनी माझा आवाज गाईशी बोलताना ऐकला होता. माणसाशी बोलताना, चार लोकांत, पहिल्यांदाच. देवडीत काही हाललं नाही. मला माझ्याच हंड्याचं ओझं मानेच्या मणक्यांतून टाचांत उतरताना जाणवत होतं आणि मी त्याखाली उभीच राहिले. ती निघेपर्यंत मी निघणार नव्हते.

मग मागे थप्प झालं. पुन्हा थप्प.

आम्ही वेस ओलांडून गावात, उन्हात आलो. वाटेवर फुफाटा होता, पण मी वळून ठसे बघितले नाहीत. रांजणात पाणी ओतलं तेव्हा तिच्या कळशीतून फार तर ओंजळभर कमी झालं होतं.

गाडी आल्यावर थोरले व्याह्यांना घेऊन घरी आले. व्याह्यांच्या हातात एक रिकामी पिशवी होती, पोरीचं सामान न्यायला आणलेली, आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. ओट्यावर बसल्यावर थोरल्यांनी घसा साफ करायला म्हणून तोंड उघडलं, थांबले, आणि न खाकरताच बोलले. "पाव्हणं, पोरीची पयली संक्रांत. तीळगुळाला बोलावलं हुतं. काल कर हुती, म्हनून आज." मग आत बघून म्हणाले, "पानी आना."

व्याही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सुनेने तांब्या नेला. वाकली नाही, नजर तेवढी खाली. जाऊबाईंनी भरलेली पिशवी खुंटीवरून काढून माजघरात नेली आणि तिथे ती उपसल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी अंगणात गेले. डालग्याखालचे ठसे वाळून टणक झाले होते. त्यांच्यावर पाणी शिंपडलं, उरलेला काला घातला आणि हात फिरवून तेवढी जागा बाकीच्या अंगणासारखी केली. मग हात धुतले, पाहुण्यांचा चहा-तीळगूळ झाल्यावर सुनेला हाक मारली आणि दुसरा खाडा पडू नये म्हणून दोघी बांधाच्या कामावर निघालो.